सणासुदीच्या प्रेमकथा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा पाडली. अशा व्यासपीठावर पुढे कोणी दूरचित्रवाणीवरील नाताळच्या प्रेमपटांविषयी बोलेल, ही कल्पना त्यांना शिवली असेल असे वाटत नाही. विषय हलका आहे, हे खरेच. पण जी गोष्ट रोज रात्री घरोघर ताटाबरोबर वाढली जाते, तिची चव कोणी तरी लक्षपूर्वक घेऊन पाहावयास हरकत नसावी.

नाताळचे हे प्रेमपट मूळचे अमेरिकेतले. तेथे शुभेच्छापत्रे छापणारी हॉलमार्क नावाची जुनी कंपनी आहे. तिने १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री दूरचित्रवाणीसाठी खास रचलेला एक ऑपेरा सादर करविला. त्याची कथा येशूच्या दर्शनाला निघालेल्या राजांची आणि एका लंगड्या मुलाची होती. पुढे कंपनीने स्वतःची वाहिनी काढली, आणि २००९ पासून नाताळच्या आधीचे कित्येक आठवडे प्रेमपटांचा अखंड सप्ताहच सुरू केला. अलीकडे एका हंगामात तीस-चाळीस नवे चित्रपट निघतात. एकेकाचे चित्रण साधारण तीन आठवड्यांत उरकते, तेही पुष्कळदा कॅनडात आणि पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात. बर्फ खोटे, घाम खरा! लोकरीचे कोट घालून नटनटी कुडकुडण्याचा अभिनय करतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेलेला पाहणाऱ्या आपणां मंडळींना त्यांची दया यावी.

कथानक आपणांस एव्हाना ठाऊक असेल, कारण ते एकच आहे. मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावरची नायिका काही निमित्ताने लहान गावी येते. तेथे एक विधुर किंवा एकटा सुतार, नाही तर बेकरीवाला असतो. दोघे मिळून झाड सजवितात, बिस्किटे भाजतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत गैरसमज होतो, तो मिटतो. बर्फ पडू लागते आणि पहिले चुंबन होते. जाहिरातींसाठी जागा सोडून दोन तासांच्या वेळात चित्रपट सुमारे चौऱ्याऐंशी मिनिटांचा. प्रत्येक जाहिरातीपूर्वी एक लहानसा प्रश्न टांगून ठेवायचा, हे त्यातले शिल्प.

‘सगळे आधीच ठाऊक असते, मग पाहायचे काय?’ असे सुशिक्षित माणसे विचारतात. हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे कीर्तनाला बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून कोणी उठून गेल्याचे ऐकले आहे काय? ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यात एक निर्धास्तपणा आहे, आणि सणाला तोच हवा असतो. २०१७ साली ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा असाच एक चित्रपट नेटफ्लिक्सने काढला. त्रेपन्न माणसांनी तो सलग अठरा दिवस रोज पाहिला, असे त्या कंपनीनेच जाहीर केले आणि तुम्हांला कोणी एवढे दुखावले आहे, अशी त्यांची थट्टा केली. ती मला आवडली नाही. घरात दुसरे माणूस नसलेल्या कोणा विधवेने किंवा परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने संध्याकाळी तोच दिवा पुन्हा लावला, तर त्यात हसण्याजोगे काय आहे?

आणखी एक गुण सांगतो. या चित्रपटांत कोणी खलपुरुष नसतो, आणि हाताने केलेले काम दिसते. पीठ मळणे, लाकूड तासणे, दुकानाची पाटी रंगविणे, या गोष्टींकडे कॅमेरा प्रेमाने पाहतो. आजी, मुले, सून असे सगळे घर एकत्र बसून पाहू शकते. मध्येच कोणाला पाणी आणावयास उठावे लागत नाही.

मग उणे कोठे आहे? माझ्या मते ते हे की, या कथांत कोणालाही किंमत मोजावी लागत नाही. ओ. हेन्रीची १९०५ सालची नाताळची कथा आपणांपैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. बायको नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी केस विकते, नवरा तिच्या केसांना फण्या घेण्यासाठी घड्याळ विकतो. तेथे प्रेमाचे मोल दिसते. येथे मोल एकटी नायिका देते, आणि ती देते हे चित्रपट कबूलही करीत नाही. तिने वर्षानुवर्षे कष्टून मिळविलेला हुद्दा हा जणू एक आजार, आणि गावचा सुतार हा त्यावरचा काढा! सुताराने शहरात यावे असे सहसा कोणाला सुचत नाही. शिवाय नाताळचे चित्रपट असूनही त्यांत ख्रिस्त बहुधा नसतो. झाड असते, दिवे असतात, खरेदी असते. आपल्या सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाणाऱ्या कुटुंबांना तो सण ओळखू येईल की नाही, याची मला शंका आहे. नायक-नायिका दोघेही गोरे असावयाचे, ही चाल मात्र अलीकडे मोडली, आणि २०२२ साली दोन पुरुषांची प्रेमकथाही त्या वाहिनीने मुख्य कथा म्हणून दाखविली. बाजाराने का होईना, दार थोडे उघडले.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत नाताळचे प्रेमपट नाहीत. नागपुरात तर डिसेंबर म्हटला की हिवाळी अधिवेशनच आठवते. पण त्यांचे काम आपल्याकडे मालिका करतात. गणपती, दिवाळी, संक्रांत यांचे विशेष भाग असतात, आणि लग्न तर आठवडाभर चालते. ‘होणार सून मी ह्या घरची’ मधले श्री आणि जान्हवी, ‘माझी तुझी रेशीमगाठ’ मधली लहान मुलीची आई नेहा आणि उद्योगपती यश ही जोडपी त्याच कुळातली. फरक एवढाच की अमेरिकन चित्रपट दीड तासात संपतो, त्यामुळे त्याचा खोटेपणाही दीड तासाचाच. आपल्याकडे लग्न झाल्यावर मालिका थांबत नाही. मग कारस्थाने करणारी एखादी काकू, स्मृतिभ्रंश, अपघात असे काहीबाही आणावे लागते. गोड खाऊन झाल्यावर पान उठविले नाही तर ते आंबणारच.

नागपूरकरांनी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ विसरता कामा नये. २०१६ ते २०२१ अशी ती चालली. तिची नायिका राधिका आपल्या नागपूरची. ‘करून राहिली’, ‘येऊन राहिली’ असे बोलणारी. अनिता दाते यांनी ती जीव ओतून रंगविली. आपली बोली कधी खरी उतरली, कधी शाळेच्या संमेलनातल्या फेट्यासारखी वरून बांधलेली वाटली, हे सोडून द्या. महत्त्वाचे हे की नवऱ्याने फसविलेली ही बाई माहेरी रडत बसली नाही. तिने मसाल्याचा व्यवसाय उभारला आणि पुढे दुसरे लग्नही केले. नोकरी सोडून सुताराच्या दारी जाणाऱ्या अमेरिकन नायिकेपेक्षा राधिका मला दोन पावले पुढे वाटते.

परंतु एका बाबतीत आपल्या मालिका त्यांच्याहूनही भित्र्या आहेत. प्रेमिकांमध्ये गरीब-श्रीमंत हा भेद हवा तेवढा चालतो. जातीचा भेद मात्र क्वचितच उच्चारला जातो. आडनावे अशी निवडलेली असतात की प्रश्नच उद्भवू नये. प्रत्यक्षात आपल्या मोहल्ल्यात लग्न अडते ते कशावर, हे या सभागृहातल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा भिन्न धर्मांच्या वधूवरांना मार्ग देतो; पण त्यांना तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीच्या फलकावर लागते. त्या तीस दिवसांत कोण काय वाचतो, कोण घरी येऊन काय सांगतो, मुलीचा फोन कोण काढून घेतो! चित्रपटातला शेवटच्या पंधरा मिनिटांचा गैरसमज या तीस दिवसांपुढे केवढासा?

नाताळ, प्रेम आणि किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. रेव्हरंड टिळक काही काळ नागपुरातच आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई मागे राहिल्या. बाप्तिस्मा घेण्यास त्यांना आणखी पाच वर्षे लागली. रुसवे, पत्रे, उपास, भांडणे, आणि या सगळ्याच्या मध्ये हसू. नवरा-बायकोचे प्रेम इतके प्रामाणिकपणे मराठीत क्वचितच लिहिले गेले असेल, आणि त्यात बर्फाचा एक कणही नाही.

कोणा निर्मात्याने मला विचारलेच, तर मी दिवाळीसाठी नव्वद मिनिटांची एक नागपुरी कथा मागेन. सीताबर्डीतली गर्दी, संत्र्यांचा मोसम, गोरेवाड्याकडची थंडी, विवाह नोंदणी कचेरीचा तो फलक आणि त्यावर लागलेली दोन नावे. शेवट गोड करावा. त्याला माझी ना नाही. फक्त मुलीने नोकरी सोडू नये, आणि फलक वाचून घरी आलेल्या काकांना निर्मात्याने कापून टाकू नये.