बटाट्याचें खत आणि बटाट्याचा शेजार

एकादशीच्या दिवशीं महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत बटाटा शिजतो. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत जन्मलेला व पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आलेला हा कंद उपवासाच्या ताटांत इतका सोवळा ठरला आहे, कीं त्याचें परकेपण कोणास आठवतही नाहीं. परंतु कधीं कधीं हाच बटाटा पाणचट निघतो किंवा चार दिवसांत टोपलींत सडूं लागतो. बोल भाजीवाल्यास लागतो. दोषाचें मूळ मात्र पुष्कळदा शेतांत टाकलेल्या खतांत असतें.

बटाटा हें मूळ नव्हे. तें जमिनीखालीं फुगलेलें खोड होय. पानें पिष्ट तयार करतात आणि हें खोड तें सांठवितें. नत्रानें पाला वाढतो, स्फुरदानें मुळें जोम धरतात आणि पालाशामुळें पिष्ट पानांतून कंदाकडे जाण्यास साहाय्य होतें. युरियांत शेकडा ४६ भाग नत्र असतें. तो टाकतांच रान हिरवेंगार दिसतें व शेतकऱ्यास धीर येतो. पण नत्र फार झालें, अथवा उशिरां दिलें, तर झाड पाल्यांतच रमतें. कंद उशिरां पोसतात, साल कच्ची राहते आणि माल टिकत नाहीं. म्हणून नत्राचा एक भाग लागवडीच्या वेळीं व उरलेला सुमारें महिन्यानें, मातीची भर देतांना घालावयाचा असतो.

पालाशाचीं दोन खतें प्रचारांत आहेत. म्युरिएट ऑफ पोटॅश स्वस्त आहे व त्यांत शेकडा ६० भाग पालाश असतें. पण त्यांतील क्लोरीन अधिक झाल्यास कंदांतील पिष्ट घटतें. सल्फेट ऑफ पोटॅश महाग आहे व त्यांत पालाश ५० भागच असतें. तथापि वेफरसाठीं माल पिकविणारास तें परवडूं शकतें. शेणखत उत्तमच, मात्र तें पुरतें कुजलेलें हवें. कच्च्या शेणखतानें हुमणी वाढते. चुलींतील राखही जपून वापरावी, कारण ती अल्कधर्मी असते आणि तशा जमिनींत बटाट्यावर खवल्या रोग बळावतो.

खताइतकाच शेजारही महत्त्वाचा. आक्टोबर-नोव्हेंबरांत लावलेला ऊस प्रथम सावकाश वाढतो. दोन सऱ्यांमधील जागा तीनएक महिने मोकळीच असते. बटाटा नव्वद ते शंभर दिवसांत निघतो. उसाचे पैसे हातीं येण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. तोंवर घरखर्च व कर्जाचें व्याज कशांतून भागवावें, हा लहान शेतकऱ्यापुढील खरा प्रश्न असतो. तो हें आंतरपीक कांहीं अंशीं सोडवितें, आणि काढणीच्या वेळीं उसाची जमीनही आपोआप भुसभुशीत होते.

परंतु पाहुण्यानें आपली शिदोरी आपणच आणिली पाहिजे. उसाच्या हिशेबाच्या खतावरच बटाटा घेतला, तर दोघेही उपाशी राहतात. उलट बटाट्यास नत्र अति झालें, तर त्याचा पाला उसाच्या फुटव्यांवर सावली धरतो, काढणी लांबते आणि उसाची बांधणी खोळंबते. चार पैशांच्या आशेनें घेतलेलें पीक मग मुख्य पिकाच्याच मुळावर येतें. वांगें, टोमॅटो आणि मिरची हीं तर बटाट्याचीं भाऊबंद. त्यांचे कित्येक रोग एकच. म्हणून त्यांना शेजारीं न बसविणेंच बरें.

तेव्हां गोणी विकत घेण्यापूर्वीं मातीची परीक्षा करून घेणें व शेजारच्या पिकाचा हिशेब निराळा मांडणें, यांतच शहाणपण आहे. हिरवेंगार रान पाहून डोळे निवतात खरे. पण शेतकऱ्याचें कर्ज पाल्यानें फिटत नाहीं आणि गृहिणीची भाजीही पाल्याची होत नाहीं. दोघांचीही भिस्त जमिनीखालीं, दृष्टीआड पोसणाऱ्या कंदावरच असते.