वाटेत ट्रक उभा राहिला तर

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यातील भाषण)





शंभर वर्षांच्या आठवणी सगळ्यांनी सांगितल्या. दिंडीचालकांनी मला सांगितलं, "महाराज, तुम्ही ट्रकाविषयी बोला." कीर्तनकारानं इंजिनावर बोलावं का? बोलावं. दिंडी पायी चालते, पण दिंडीची चूल ट्रकात चालते. तंबू, शिधा, गॅस, भांडी, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या, सगळं त्यात. आपलं गाव मराठवाड्यात. तिकडं नीरेच्या काठाला ना आपली ओळख, ना आपला मिस्त्री. वाल्ह्याहून निघालेला ट्रक लोणंदला पोचला नाही तर दीडशे माणूस पावसात उघड्यावर आणि उपाशी.

पूर्वी बैलगाड्या होत्या. जुनी माणसं निघायच्या आधी आख बघायची, धाव बघायची, वंगण बरोबर घ्यायची. ट्रक आला आणि आपण ते ड्रायव्हरवर सोडून मोकळे झालो.

एका वर्षी तरडगावच्या अलीकडं आपला ट्रक वाट द्यायला साइडपट्टीला तिरका उभा केला, तो पुन्हा चालूच होईना. पन्नास माणसं गोळा झाली. एक म्हणे बॅटरी गेली, दुसरा म्हणे पंप गेला, तिसरा म्हणे धक्का मारा. ड्रायव्हर बिचारा घाबरून सेल्फवर सेल्फ मारतोय. आपल्यातच एक म्हातारे बाबा होते, तरुणपणी ट्रक चालवलेले. त्यांनी आधी मंडळींना लांब नेऊन भजनाला बसवलं. मग चाकांना दगड लावले. मग सेल्फ एकदाच मारायला लावला आणि कान दिला.

इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी चांगली. नळीतून धूर मात्र जरासुद्धा नाही, म्हणजे डिझेल आत पोचत नाही. टाकीत डिझेल थोडं, गाडी तिरकी, म्हणून पाइपानं हवा ओढली होती. गाडी सपाटीवर ढकलली, कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी चालू. संध्याकाळचा स्वयंपाक वेळेवर झाला.

बाबांनी जादू केली नाही, क्रम धरला. डिझेलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. डिझेल, हवा आणि आतला दाब. वीणा, टाळ, मृदंग म्हणा ना. एक थांबलं तरी भजन बसत नाही.

म्हणून ध्यानात ठेवा. सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' वाजलं तर आधी बॅटरीच्या टोप्या बघा, सैल असतील, पांढरी भुकटी धरली असेल. काळा धूर आणि ओढ कमी असेल तर एअर फिल्टर बघा, वारीच्या वाटेवर धूळ लई. ऑइलची पट्टी काढली आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. मग गाडी चालूच करायची नाही, मिस्त्रीच बोलवायचा.

दिवे घाटात गर्दीमुळं गाडी पहिल्या गिअरवर रांगते आणि तापते. काटा वर चढला की बाजूला घ्या. पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी सांडत असेल तर इंजिन लगेच बंद. तसं नसेल तर दोन मिनिटं जागेवर फिरू द्या, मग बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकतं.

आणखी एक. आताच्या नव्या गाड्यांत डिझेलचा दाब भयंकर असतो. तिथं इंजेक्टरच्या पाइपाला पाना लावायचा नाही. ती धार कातडी फोडून आत जाते.

आता माझं मागणं. प्रस्थानाच्या पंधरा दिवस आधी ट्रक मिस्त्रीला दाखवा. एक डिझेल फिल्टर, एक पट्टा, पाने, बॅटरी, पाण्याचा कॅन गाडीत ठेवा. टाकी निम्म्याखाली येऊ देऊ नका. एक वेळचा शिधा, ताडपत्र्या आणि औषधं पाण्याच्या टँकरबरोबरच्या जीपमध्ये ठेवा, सगळं एकाच गाडीत नको. आणि ड्रायव्हरला पहिल्या पंगतीला बसवा, रात्री झोपू द्या. तो पहाटे आपल्या आधी निघतो. माळ नसली तरी त्याची वारी घडतेच.

गाडी बंद पडणं आपल्या हातात नाही. पण पडल्यावर गलका करायचा की क्रम धरायचा, हे आपल्या हातात आहे.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!