गोळी आठची, जेवण दोनचं



आमच्या समोरच्या घरात एक काकू राहतात. वय साठीच्या पुढे, मधुमेह होऊन नऊ-दहा वर्षं झालेली. पथ्य एकदम कडक. चहात साखर नाही, लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की ताटावर हात आडवा. गेल्या वर्षी एका दुपारी पोळ्या लाटता लाटता त्या ओट्यापाशी मटकन खाली बसल्या. दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. घरच्यांना वाटलं बीपी. कुणी कांदा हुंगवायला धावलं. मला स्वतःला चौदा वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे घरी ग्लुकोमीटर असतो. तो घेऊन पळत गेलो, बोटाला सुई टोचली. आकडा आला 48.

साखर वाढलेली नव्हती, पार खाली गेली होती. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो, कारण मेंदू साखरेवरच चालतो. काकू शुद्धीत होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर सरकला होता. मग त्यांना वरण-भात खायला घातला. हो, भातच. एवढा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणखी एक, वोग्लिबोजसारख्या काही गोळ्या चालू असल्या की साधी साखर रक्तात उशिरा उतरते, म्हणून घरात ग्लुकोज पावडरचा पुडा ठेवलेला बरा.

नंतर मी काकूंना त्यांचा दिवस विचारला. सकाळी आठला गोळी आणि कपभर बिनसाखरेचा चहा. मग मुलाचा डबा, सुनेचा डबा, नातवाची शाळा, देवपूजा, सासऱ्यांचं जेवण, भांडी. स्वतःचं पान वाढून घ्यायला दोन वाजायचे. गोळी होती ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. म्हणून ती न्याहारीच्या जोडीनं घ्यायची असते. डॉक्टरांनी ‘नाश्त्याआधी’ असं लिहिलं होतं. काकूंच्या दिवसात नाश्ता नावाची गोष्टच नव्हती. त्या दिवशी देवपूजेनंतर जिनेही धुतले होते, त्याची भर पडली.

या प्रसंगानं मला फार अस्वस्थ केलं. आपण मधुमेह म्हटला की काय खायचं नाही याची यादी करतो. काकूंनी यादी अक्षरशः पाळली होती. कुणी विचारलं नव्हतं ते एवढंच, की तुम्ही जेवता किती वाजता, आणि तुमच्या आधी किती जण जेवतात. आपल्या घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते. उरलेली भाजी, कधी नुसती आमटी, आणि पोट भरायला दोन पोळ्या जास्त. मधुमेह झालेल्या बाईला हे दोन्हीकडून मारतं. आधी साखर घसरते, मग एकदम चढते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा प्रश्न आता प्रत्येक आळीचा आहे.

‘मी तर जाड नाही, मला कशी शुगर झाली?’ हे मीही डॉक्टरांना विचारलं होतं. याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9 टक्के आणि याज्ञिक यांची 21 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपल्या लोकांची ठेवण. ही चरबी पोटाभोवती साठते आणि इन्सुलिनचं काम अडवते. म्हणून वजनकाट्याइतकंच महत्त्व टेपला द्यावं. पुरुषांचा कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांचा 80 च्या आत असावा, असं आपल्यासाठी धरतात.

आता स्वयंपाकघर. गूळ साखरेपेक्षा चालतो, ही समजूत सोडा. रक्ताच्या दृष्टीनं गूळही साखर, मधही साखर. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ज्वारी आहे म्हणून चार भाकऱ्या चालत नाहीत. मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ताटातला क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, बरोबर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, आणि मग भाकरी किंवा वाटीभर भात. पदार्थ तेच, पण साखर हळू चढते. आणि चहाचा हिशेब एकदा जरूर करा. दिवसाचे तीन कप, कपात दोन चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम साखर. महिन्याला किलोला थोडंसं कमी, नुसत्या चहातून.

उपासाचं बोलल्याशिवाय मराठी घरातला मधुमेह पुरा होत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची थाळी खाल्ली की आकडा कुठे जातो ते एकदा दोन तासांनी मोजून पाहावं, मी पाहिलंय. शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही, थोडा राजगिरा, असा उपास निभतो. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरचा उपास परस्पर करू नये. त्या दिवशीच्या औषधाचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. देवावरची श्रद्धा आणि डॉक्टरांचा सल्ला एकमेकांच्या आड येत नाहीत.

चालण्यासाठी पहाटे पाचचा गजर लावलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे शतपावली आहेच. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी जास्तीचं इन्सुलिन लागत नाही. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत फेऱ्या मारल्या तरी पीपीचा, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचा, आकडा बदलतो. फास्टिंगच्या आदल्या रात्री उपाशी झोपून रिपोर्ट चांगला आणणारे बरेच जण असतात. त्यांना तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, पकडते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात किती साखर होती त्याची खूण त्यांच्यावर राहते. बऱ्याच जणांसाठी हा आकडा सातच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. वयानुसार डॉक्टर तो थोडा सैलही करतात.

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. मला ते पाहवत नाही. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच इलाज होता, आणि तरी ती फार दिवस जगत नसत. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. सुई ही शेवटची पायरी नाही, एक औषध आहे. ते फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. फ्रीज नसेल तर कोरड्या डबीत बंद करून, पाणी आत जाणार नाही असं, माठाच्या गारव्यात ठेवता येतं.

पायांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की तळव्यांची संवेदना बोथट होते. काटा रुतला, चप्पल चावली, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली, तरी कळत नाही, आणि जखम आतल्या आत वाढते. रोज रात्री तळवे पाहायचे. पण साठीनंतर वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत, नजरही अधू असते. तिथे दुसरं माणूस लागतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही वर्षातून एकदा करून घ्या, दिसायला नीट असलं तरी.

घरच्यांसाठी थोडं. ‘परत खाल्लंस ना गोड?’ असं चारचौघांत विचारलं की माणूस गोड खाणं सोडत नाही, लपून खायला लागतो. मीही खाल्लंय, फडताळाचं दार अर्धवट लावून पेढा खाल्लाय, आणि तीन दिवस बायकोच्या नजरेला नजर दिली नव्हती. तिनं नंतर एवढंच केलं, की सणाला बासुंदीची छोटी वाटी माझ्या ताटात स्वतः वाढली आणि त्या दिवशीचा भात काढून घेतला. रागावण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं होतं. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक असावा, ‘पेशंटचं वेगळं’ पातेलं नको. तिशी ओलांडलेल्यांनी गावातल्या आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, ती तपासणी मोफत असते.

काकूंच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली. पण खरा बदल घरात झाला. आता सकाळी सव्वाआठला सून म्हणते, “आई, डबे मी भरते, तुम्ही आधी बसा.” भाजी-भाकरी किंवा मुगाचं धिरडं खाऊन झालं की गोष्टी पुढे सरकतात. सासऱ्यांना जेवायला साडेबाराऐवजी एक वाजतो. पहिले आठ दिवस ते कुरकुरले, आता काकूंच्या शेजारीच पाट मांडतात. आणि रात्री नऊला चौथीतला नातू मोबाइलची बॅटरी लावून आजीचे तळवे पाहतो. परवा टाचेला पडलेली बारीक भेग त्यालाच दिसली.