एक मोकळी सकाळ

(पुण्यातल्या वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मोकळी सकाळ कशी घालवावी’ हा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘ताई, आधी ती दाखवा तरी!’ सगळ्या हसल्या. माझं अर्धं भाषण त्या एका वाक्यात होऊन गेलं. उरलेलं अर्धं मात्र मला करायचंय. मारहाण, हुंडा, पोटगी, रेशन, या सगळ्यांवर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. बायकांच्या मजेवर फार कमी बोललो. जणू दुःख हटलं की मजा आपोआप येऊन दाराशी उभी राहणार आहे.

आधी थोडे आकडे, कंटाळू नका. सरकारनं २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसांनी आपले चोवीस तास कशात घालवले, ते घरोघरी विचारून लिहून घेतलं. २०१९ च्या पाहणीत सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणींनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं होतं. पुरुषांमध्ये शंभरात २६ जणांनी. ज्यांनी केलं त्यांनी तरी किती वेळ? बायकांनी सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांनी ९७. मुलं आणि आजारी माणसं सांभाळणं यात नाही, ते वेगळं मोजलंय. २०२४ मध्ये बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं सुटली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ८८ वर उतरलेली. म्हणजे आपल्या खांद्यावरची ती दहा मिनिटं त्यांनी उचललेली दिसत नाहीत.

आता कुणी म्हणेल, रविवार असतो की. रविवारची गोष्ट सांगते, कारण ती सुट्टी कुणी दानात दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगारांना उभं केलं. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मला त्या दोघींचं फार वाटतं. सुट्टी मागायला त्या उभ्या राहिल्या, पण सुट्टीच्या दिवशी घरचं धुणं, दळण, पाणी कुणी केलं असेल? आजही आपल्या घरात रविवार म्हणजे उशिरा उठणारी माणसं, दोनदा होणारा चहा, मटण, आणि ‘आज जरा निवांत’ म्हणत आलेले पाहुणे. निवांत कोण, ते आपल्याला ठाऊक आहे.

इथं बसलेल्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणींना तर दोन घरांचे रविवार पेलायचे असतात. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टी हीसुद्धा त्या लढ्यातली मागणी होती. पुढं २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणीची सोय झाली. तरी आठवड्याची एक सुट्टी अजून बहुतेकींना मालकिणीच्या मर्जीनंच मिळते. आणि मालकीण म्हणजे कधी कधी आपल्यातलीच एखादी भाषण ऐकायला आलेली कार्यकर्ती असते, हेही बोलून टाकलेलं बरं.

आमच्या वस्तीगटानं गेल्या वर्षी ठरवलं की महिन्यातून एक सकाळ बाहेर काढायची, आठ ते बारा. पहिला प्रश्न कुठं जायचं हा आलाच नाही. पहिला प्रश्न आला पाण्याचा. नळाला पाणी सकाळीच येतं, ते भरणार कोण? एकीच्या नवऱ्यानं भरलं तर गल्लीतली माणसं बघायला उभी राहिली. त्यानं दुसऱ्या खेपेला अंधारात उठून भरलं, लाज वाटते म्हणून. असो, भरलं. दुसऱ्या सहलीत आमच्यातल्याच एकीनं वर्तुळात बसल्यावर विचारलं, ‘आत्ता तुमच्या घरी पोळ्या कोण करतंय?’ नऊजणी होत्या. पाचजणींच्या घरी मुली करत होत्या, त्यातली एक सहावीतली. दोघींच्या घरी सासू. एकीच्या घरी जाऊबाई. एकच नवरा पावभाजी आणायला गेला होता.

मला वाटतं, आजच्या विषयाचा खरा पेच इथं आहे. आईची सकाळ मोकळी झाली आणि मुलीचा रविवार गेला, तर काम फक्त एका बाईच्या हातून दुसऱ्या बाईच्या हातात गेलं. मुलगी मात्र शिकली की मोकळीक ही दुसरीच्या जिवावर मिळते. आम्ही मग नियम केला. ज्या सकाळी जायचं, त्या सकाळचं काम घरातल्या पुरुषानं किंवा मुलग्यानं करायचं, नाहीतर ते करायचंच नाही. भांडी दुपारपर्यंत पडून राहिली तर राहू देत. मुलीला सोबत आणायचं. यावर भांडणं झाली, दोघीजणी यायच्या बंद झाल्या, त्यातली एक परत आली. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही. ज्या घरात एवढ्यावरून हात उचलला जातो, तिथं घाई करायची नाही, आधी तिच्याशी बोलायचं.

आता जायचं कुठं. आपल्या संघटनांची एक खोड आहे. बाई मोकळी दिसली की आपल्याला शिबिर सुचतं. शिवण, अगरबत्ती, आरोग्य, कायदा. हे सगळं हवंच, पण ते कामाच्या वेळात हवं. आपण वेळ ‘सत्कारणी’ लावायला इतक्या शिकलोय की नुसतं बसलं तरी हातात मेथीची जुडी लागते. आणि नुसत्या बसलेल्या बाईला शब्द काय, तर रिकामटेकडी! पुरुष पारावर बसतो, त्याला कुणी म्हणतं का?

‘व्हाय लॉयटर?’ नावाचं एक पुस्तक २०११ साली आलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून लिहिलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाई घराबाहेर दिसली तर तिच्याकडे काहीतरी कारण असावं लागतं, आणि कारणाशिवाय रेंगाळणं हाही शहरावरचा हक्कच आहे. आपली कारणं बघा: भाजी, देऊळ, दवाखाना, पालकसभा. ‘कुठं निघालीस?’ याला ‘कुठं नाही, अशीच’ असं उत्तर देऊन बघा एकदा. फार अवघड जातं.

तरी आम्हाला आवडलेल्या दोन जागा सांगते. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बहुतेकींनी नाव ऐकून सोडून दिलेलं असतं. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं आणि १९७५ साली सरकारच्या हवाली केलं. मला वाटलं होतं, तलवारी बघून बायका कंटाळतील. पण तिथं आपलीच वस्तू काचेआड ठेवलेली आहे: दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी. आमच्यातली सत्तरीची आजी एका भांड्यापाशी जी थांबली ती हलेना. असलं भांडं तिच्या माहेरी होतं, मोडीत घातलं. मग प्रत्येकीला आपापलं माहेर आठवलं. एकीनं विचारलं, हे बनवणाऱ्याचं नाव नाही, वापरणारीचं तरी कुठं आहे? एका मुलीनं वहीत वज्रीचं चित्र काढलं. दोन तास कसे गेले कळलं नाही.

तिथून चालत जाता येईल अशी दुसरी जागा म्हणजे गंज पेठेतला फुले वाडा. भाषणात सावित्रीबाईंचं नाव आपण इतकं घेतो, पण त्या ज्या अंगणात वावरल्या तिथं उभं राहणं वेगळं. जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद त्या घरातलाच. ज्यांच्या सकाळी नळावरच्या भांडणात जातात त्या बायकांना पाण्याचं ते मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे भाषण झालं नाही तिथं. कुणी ओट्यावर बसलं, कुणी पाय मोकळे केले, एकीला डुलकी लागली. मुलींची शाळा जिथं १८४८ मध्ये सुरू झाली तो भिडे वाडा बघायचा राहून गेलेल्या पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला गेला. फुले वाडा बघायचा तेवढा राहू देऊ नका.

ज्यांचे गुडघे चालतात त्यांनी पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढाव्यात, वरून आपली वस्ती शोधावी. गावाकडच्या गटांना ही शहरातली ठिकाणं उपयोगाची नाहीत, पण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, तालुक्याला नुसतं जाऊन येता येतं. आणि कुणाला घरी दार लावून झोपायचं असेल तर तीही सकाळ चांगलीच गेली म्हणायची. झोपेची थकबाकी आपल्या सगळ्यांचीच आहे.

एक अडचण मात्र हसण्यावारी नेऊ नका, ती संडासाची. बाहेर जायचं म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम बायकांनी सुरू केली ती यासाठीच. आपण जागा ठरवताना आधी एकीनं जाऊन बघून यायचं: संडास आहे का, कडी लागते का, पाणी आहे का, पैसे मागतात का. नसेल तर महापालिकेकडे अर्ज करायचा. मजा करायला निघालं तरी मोर्चा सुटत नाही तो असा!

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी नऊला स्वारगेटला जमावं. आधी मिसळ, मग संग्रहालय. डबा कुणीही करून आणायचा नाही. मुलींना आणा. घरी पोळ्या कोण करतंय, ते मी तिथं विचारणार आहे.