खुराड्यातील तांबडे किडे आणि कार्यकारणभाव

(वर्षावास प्रबोधनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. विषय ऐकून काही जणांना हसू येईल. धम्माच्या व्यासपीठावर कोंबड्यांच्या किड्यांचे काय काम, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांकडे कसायला जमीन नव्हती, त्या समाजातील बाईच्या हातात स्वतःचे म्हणून जे थोडेफार धन राहिले, त्यात परसातल्या चार कोंबड्या होत्या. आजही आहेत. मुलांच्या वह्या, परीक्षेची फी, एस.टी.चे भाडे यांसाठी घरधन्यापुढे हात न पसरता ती अंडी विकते आणि वेळ निभावून नेते.

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून आधी हिशेब मांडतो. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते. पाच कोंबड्या असल्या तर ३०० अंडी झाली. एका अंड्याचे १० रुपये धरले तरी वर्षाचे ३,००० रुपये होतात. बचत गटाचा दरमहा १०० रुपयांचा हप्ता भरून वर उरतील एवढी ही रक्कम आहे. ही मिळकत बंद पडली तर त्या घरात काय होते, हे मोठ्या पगारदारांना समजणार नाही. गटातल्या भगिनींना मात्र ते सांगावे लागत नाही.

आता ज्या घटनेमुळे हा विषय घ्यावासा वाटला, ती सांगतो. आमच्या गावाकडील एका वस्तीत एका घरच्या कोंबड्या अचानक अंडी द्यायच्या थांबल्या. संध्याकाळ झाली की त्या खुराड्यात शिरेनात, हाकलले तर झाडावर जाऊन बसत. लाल तुरे फिके पडले. खुडूक बसलेली कोंबडी अंडी टाकून उठली. आठवड्यात काही पिल्ले मेली. मग कुजबुज सुरू झाली की नजर लागली, कोणीतरी करणी केली. आणि हे बोट फिरत फिरत शेवटी कोणाकडे गेले? शेजारी एकटी राहणाऱ्या एका विधवा म्हातारीकडे. उतारा म्हणून त्याच खुराड्यातली एक धडधाकट कोंबडी कापली गेली. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, हे सांगताना आम्हाला वेदना होतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे घडले.

त्या वस्तीत बारावीला शिकणारी एक मुलगी होती. रात्री नऊनंतर ती बॅटरी घेऊन खुराड्यापाशी गेली. कोंबड्या बसतात त्या बांबूच्या दांडीखाली तिने पांढरा कागद धरला आणि दांडीवर काठीने ठोकले. कागदावर बारीक बारीक ठिपके पडले आणि चालू लागले. बोटाने चिरडताच कागदावर रक्ताचा डाग उमटला. ती करणी एक मिलिमीटरही लांबीची नव्हती, मित्रहो!

शास्त्रात या किड्याला डर्मॅनिसस गॅलिनी म्हणतात. आपल्याकडे कोंबडीच्या अंगावरील सगळ्याच जिवांना उवा किंवा पिसवा म्हणून मोकळे होतात, पण फरक समजून घेतला पाहिजे. उवा रात्रंदिवस कोंबडीच्या अंगावरच राहतात. पिसे बाजूला केली की भर दिवसाही त्या दिसतात. हा किडा चोरासारखा आहे. दिवसा तो दांडीच्या टोकाला, भिंतीच्या भेगेत, अंडी घालण्याच्या टोपलीच्या तळाशी लपतो. अंधार पडला की बाहेर येतो, कोंबडीचे रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी असताना तो करडा दिसतो, रक्त पिऊन फुगला की तांबडा होतो. म्हणून दिवसा कोंबडी हातात घेऊन कितीही तपासली तरी काही सापडत नाही. आणि जेथे कारण सापडत नाही, तेथे भगत शिरतो.

किडे फार झाले की कोंबडीच्या अंगातले रक्त कमी होते, तुरा पांढरट पडतो, अंडी घटतात. टोपलीतल्या अंड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. पिल्ले आणि खुडूक कोंबडी यांना सर्वांत जास्त त्रास होतो, कारण त्यांना जागा सोडता येत नाही. खुराडे घराला लागून असेल तर हे किडे माणसालाही चावतात. माणसाच्या अंगावर ते वस्ती करीत नाहीत, पण रात्री अंगाला खाज सुटते. घरातल्या मुलांना अशी खाज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच, पण एकदा खुराडेही पाहा.

आता उपाय. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा होण्यास सुमारे एक आठवडा पुरतो. याचा अर्थ, आज खुराडे धुतले आणि फटीतली अंडी वाचली, तर पुढच्या आठवड्यात नवी फौज तयार होते. म्हणून सफाई एकदा करून भागत नाही. सात-सात दिवसांनी निदान तीन वेळा केली पाहिजे.

पहिले काम, खुराडे रिकामे करून जुने गवत, भुसा आणि टोपलीतला पेंढा घरापासून दूर जाळून टाकावा. दुसरे, दांड्या काढून त्यांवर आणि भिंतीच्या फटींत उकळते पाणी ओतावे. ४५ अंशांच्या वर उष्णता गेली की हा किडा जगत नाही, म्हणून कोमट पाण्याने भागणार नाही. हे करताना लहान मुलांना दूर ठेवावे. तिसरे, फटी बुजवाव्यात. माती, चुना, सिमेंट, जे घरात असेल ते वापरा. फट हेच त्याचे घर आहे. चौथे, दांडी भिंतीला टेकू देऊ नये. दोन खुंट्यांवर ठेवावी आणि खुंट्यांना जळक्या तेलाचा पट्टा लावावा, म्हणजे किड्याची वाट अडते. कोंबडी बसते त्या जागी मात्र तेल लावू नये. पाचवे, खोक्याचा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा गुंडाळून दांडीखाली बांधावा. किडे लपायला त्यात शिरतात. दोन दिवसांनी तो पुठ्ठा काढून जाळावा आणि नवा बांधावा. किडे कमी होत आहेत की नाही, हेही त्यावरून समजते.

कोंबड्यांना लोळण्यासाठी कोरडी माती आणि चुलीची राख जरूर ठेवा. त्याने अंगावरच्या उवा कमी होतात. पण हा किडा राहतो फटीत, तेव्हा राखेवर विसंबून सफाई टाळू नये. बाजारातून आणलेली कोंबडी किंवा शेजारून मागून आणलेले डालगे तपासल्याशिवाय आत घेऊ नये. खुराड्याच्या छपरात चिमण्या-कबुतरांची घरटी असतील तर तिकडूनही किडे येतात. आणि खुराडे काही महिने रिकामे ठेवले म्हणून निर्धास्त राहू नये. थंड हवेत हा किडा रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो.

एक कळकळीची विनंती. शेतात फवारायचे औषध कोंबड्यांवर किंवा खुराड्यात मारू नका. ते अंड्यात उतरते आणि ते अंडे आपलीच मुले खातात. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत, याच किड्यासाठी विकल्या जाणाऱ्या औषधात फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा मिसळल्याचे उघड झाले. युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. एवढ्या प्रगत देशांत असे घडते, तर आपण किती जपले पाहिजे! औषध लागलेच तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन, डॉक्टर सांगतील तेच आणि सांगतील तेवढेच वापरा. किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही विचारून घ्या.

येथे एखादा उपासक विचारील की पंचशीलातले पहिले शील आपण रोज घेतो, मग किडे मारायचे कसे? प्रश्न प्रामाणिक आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि केवळ मारण्याच्या इच्छेने केलेली हत्या यांत भेद दाखविला आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, आपल्या आधाराने जगणाऱ्या मुक्या जिवाचे रक्त रोज रात्री शोषले जाऊ देणे ही करुणा नव्हे. आणि ज्याने आधीच फटी बुजवल्या, खुराडे स्वच्छ ठेवले, त्याच्यावर मारण्याची वेळ कमी येते. शील पाळायचे असेल तर सफाई आधी करावी.

तथागतांनी धम्माला एहिपस्सिको म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम दूर होतो, ही शिकवण फक्त विहारात म्हणण्यासाठी नाही. त्या मुलीने बॅटरी घेऊन तीच आचरणात आणली. तीन आठवड्यांच्या सफाईनंतर त्या कोंबड्या पुन्हा खुराड्यात बसू लागल्या आणि पुढे अंडीही देऊ लागल्या. मात्र त्या म्हातारीशी वस्ती पूर्वीसारखी बोलू लागायला बरेच महिने लागले. किडा उकळत्या पाण्याने जातो, मनातला संशय तेवढ्याने जात नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचे आपण स्वागतच करतो. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि कुजबुज पाणवठ्यावर सुरू होते. ती तेथेच थांबविणारा माणूस वस्तीत असावा लागतो.

म्हणून संस्थेच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की सुट्टीत गावी जाल तेव्हा एक बॅटरी आणि एक पांढरा कागद बरोबर न्या. आजीच्या, मावशीच्या खुराड्यापाशी रात्री बसा आणि त्यांनाही बोलावून दाखवा. तुम्ही नुसते सांगितले तर त्या ऐकतील न ऐकतील. पण डोळ्यांनी पाहिल्यावर उताऱ्याची कोंबडी त्या कापणार नाहीत, आणि कोणा एकट्या बाईकडे बोटही दाखविणार नाहीत.