थंडीची सूचना आणि टेक्सासची सिद्धता

१५ फेब्रुवारी २०२१ रोजीं, मध्यरात्रीनंतर पावणेदोन वाजून गेल्यावर, अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या विद्युत्-नियंत्रणगृहांत एक आंकडा झपाट्यानें खालीं येऊं लागला. तेथील वीज दर सेकंदास ६० आवर्तनें करते. भारतांत हा आंकडा ५० असतो. मागणी पुरवठ्याहून वाढली कीं हा वेग मंदावतो. त्या रात्रीं तो ५९.४ च्या खालीं गेला व तेथें चार मिनिटें तेवीस सेकंद राहिला. नऊ मिनिटें राहता, तर जनित्रें स्वतःच्या बचावासाठीं आपोआप सुटूं लागलीं असतीं आणि सारें जाळें कोसळलें असतें. तें पुन्हा उभें करावयास कित्येक दिवस, कदाचित् आठवडेही लागले असते. नियंत्रकांनीं वस्त्यांमागून वस्त्या तोडून भार उतरविला, म्हणून हा अनर्थ टळला. परंतु तोडलेल्या त्या वस्त्यांत माणसें राहत होतीं, आणि बाहेर पाणी गोठत होतें.

हें संकट न सांगतां आलें असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. तेथें हवामानावर अहोरात्र पहारा असतो. दिवसांतून दोनदां यंत्रें बांधलेले फुगे आकाशांत सोडले जातात. उपग्रह वरून पाहत असतात. विमानतळांवरील स्वयंचलित उपकरणें तापमान, वारा व दाब नोंदवीत असतात. ध्रुवाकडील थंड हवा दक्षिणेस उतरणार, हें या नोंदींवरून कित्येक दिवस आधीं कळलें होतें. १२ फेब्रुवारीस राज्यपालांनीं सर्वच्या सर्व २५४ परगण्यांत आपत्ति जाहीर केली. १६ तारखेस डल्लस येथें पारा शून्याखालीं १९ अंशांपर्यंत उतरला. १९४९ नंतर तेथें इतकी थंडी पडली नव्हती. वेधशाळेनें आपलें काम चोख केलें होतें. उणीव होती ती पुढच्या पायरीवर.

महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठें असें हें राज्य उष्णतेस सरावलेलें आहे. तेथील वीजकेंद्रें उन्हाळ्याच्या हिशेबानें बांधलेलीं. पुष्कळांचे नळ व मोजमापाचीं उपकरणें उघड्यावर. थंडी आली तेव्हां हे नळ गोठले, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ धरला, आणि वायूच्या विहिरींच्या तोंडाशींही बर्फ जमलें. दोष एकट्या पवनचक्क्यांवर ढकलण्याचा प्रयत्न त्या वेळीं झाला. तो निराधार होता. बंद पडलेल्या जनित्रांत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्यांचा होता. चौकशींत असेंही निघालें कीं, गोठल्यामुळें झालेल्या बिघाडांपैकीं सुमारें ८१ टक्के बिघाड, जें तापमान हीं जनित्रें सोसूं शकतील असें मालकांनींच सांगितलें होतें, त्याहून अधिक तापमानांत झाले. कागदावरची सहनशक्ति निराळी ठरली.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. वायू दाबून पुढें ढकलणारीं कित्येक यंत्रें विजेवर चालत होतीं, आणि ‘आमची वीज तोडूं नये’ अशी नोंद त्यांच्या मालकांनीं केलीच नव्हती. त्यामुळें भार उतरवितांना त्यांचीही वीज तुटली. वायू थांबला, आणि वायू थांबल्यानें आणखी जनित्रें बंद पडलीं. शेजारच्या राज्यांकडून उसनी वीज घ्यावी, तर टेक्सासचें जाळें मुद्दामच वेगळें ठेवलेलें; बाहेरून आणतां येण्याजोगी वीज १,२०० मेगावॉटच्या आसपास, आणि तूट सुमारें २०,००० ची.

महाराष्ट्रांत भारनियमन म्हटलें म्हणजे आळीपाळीनें कांहीं तास अंधार, असा समज आहे. तेथें पाळी लावणेंच शक्य राहिलें नाहीं. रुग्णालयें व इतर अत्यावश्यक स्थळें ज्या वाहिन्यांवर होतीं त्या तोडतां येईनात, आणि उरलेल्यांवर सारा बोजा पडला. सुमारें ४५ लक्ष घरांची व दुकानांची वीज गेली; कित्येकांची तीन-तीन दिवस आली नाहीं. निम्म्याहून अधिक घरें विजेवरच ऊब घेणारीं. घरांतले नळ फुटले, जलशुद्धीकरण थांबलें, पाणी उकळून प्यावें असे हुकूम निघाले. ह्यूस्टन-डल्लसकडील मराठी कुटुंबांनाही हे दिवस चुकले नाहींत. सरकारी गणनेप्रमाणें २४६ माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक थंडीनेंच. कांहींनीं घरांत कोळसा पेटविला, कोणी बंद गाडीखान्यांत मोटर चालू ठेवून ऊब घेतली, आणि गंधहीन विषारी वायूनें प्राण गमावले. बंद खोलींत शेगडी ठेवून निजण्याची चाल आपल्या देशांतही आहे, म्हणून एवढें सांगणें अवश्य वाटतें.

या सर्वांत जिवाला लागणारी गोष्ट अशी कीं, हाच धडा दहा वर्षांपूर्वीं मिळून गेला होता. फेब्रुवारी २०११ मध्यें अशीच थंडी पडून जनित्रें बंद पडलीं होतीं. त्याच वर्षीं संघसरकारच्या चौकशींत नळ गुंडाळा, उपकरणें झांका, अशा शिफारशी झाल्या; १९८९ च्या थंडीनंतरही असेंच सांगितलें गेलें होतें, याचाही तींत उल्लेख आहे. शिफारस मात्र शिफारसच राहिली, कारण ती पाळण्याची सक्ति नव्हती आणि खर्च करणाऱ्यास त्याचा मोबदला दिसत नव्हता. अपवाद एल पासो शहराचा. राज्याच्या पश्चिम टोंकाचें हें शहर वेगळ्या जाळ्यावर आहे. २०११ चे हाल सोसल्यावर तेथील कंपनीनें आपलीं यंत्रें थंडीसाठीं तयार केलीं, आणि २०२१ सालीं शहर जवळजवळ अबाधित राहिलें. तेथील थंडी पूर्वभागाइतकी कडक नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. तरी तयारीचा गुण नाकारतां येत नाहीं.

जून २०२१ मध्यें राज्याच्या विधिमंडळाचा कायदा अमलांत आला. वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली, कसूर करणाऱ्यास जबर दंड ठरला, आणि वीज तुटण्याचा धोका असल्यास जनतेस थेट इशारा देण्याची योजना आली. विहिरी, वायुवाहिन्या व वीजकेंद्रें एकत्र दाखविणारा नकाशा एप्रिल २०२२ मध्यें पुरा झाला. त्याच वर्षीं नाताळच्या सुमारास पुन्हा ध्रुवाची हवा खालीं उतरली. टेनेसी व कॅरोलिना भागांत भारनियमन करावें लागलें. टेक्सासमध्यें कांहीं जनित्रें बंद पडलीं, पण राज्यव्यापी भारनियमनाची वेळ आली नाहीं. आतां दर हिंवाळ्यांत निरीक्षक केंद्राकेंद्रांवर जाऊन नळांवरचीं वेष्टणें तपासतात.