फोटो कुणाचा, नजर कुणाची?

(जत येथे शेतमजूर स्त्रियांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती. किडे-माश्या हा काही माझा विषय नव्हे. पण गेल्या हिवाळ्यात शाळूवर चिकटा पडला, तेव्हा तुमच्यातल्याच एकीने मला जे शिकवले ते आज सांगणार आहे.

रानात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या घोंघावत होत्या. मालक म्हणाला, "चावणाऱ्या माश्या आल्यात, औषध मारा." औषध मारायचे म्हणजे पाणी आणायचे, नळी ओढायची, वास सोसायचा, हे सारे बाईनेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

त्या माश्या चावणाऱ्या नव्हत्याच. ती सिरफिड माशी. मधमाशीला चार पंख, हिला दोनच. नांगी तर नाहीच. चिकटा पाडणारा मावा हिची अळी शेकड्याने फस्त करते. या अळीला पाय नसतात, वेगळे डोके दिसत नाही, तोंडाकडे ती निमुळती असते. खुरपताना आपण तिला कीड समजून चिरडतो.

त्या मैत्रिणीने मुलाच्या फोनवर माशीचा फोटो काढला. पुस्तकातल्या चित्राशी ताडून मी झटकन नाव सांगितले: इस्किओडॉन स्कुटेलारिस. ती म्हणाली, "ताई, नुसतं वरनं बघून कसं कळंल? खालनं बघा की."

तिचे बरोबर होते. इस्किओडॉनच्या छातीच्या कडा पिवळ्याधमक असतात, पण स्फेरोफोरियाच्याही तशाच असतात. इस्किओडॉनच्या नराला मागच्या पायाच्या मुळाशी छोटा काटा असतो, तो वरून काढलेल्या फोटोत येत नाही. एपिसिरफस बाल्टिएटस ओळखणे त्यामानाने सोपे: पोटावर एक जाड, एक बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी. पण थंडीत वाढलेली माशी अधिक काळी होते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. परागसच्या कित्येक जाती तर नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगताच येत नाहीत.

म्हणून फोटो तीन घ्या: वरून, बाजूने, समोरून. जमला तर खालूनही. जेवढे दिसते तेवढेच नाव लिहा. "सिरफिड, जात कळली नाही" ही नोंद चुकीच्या नावापेक्षा शंभर पटीने बरी. आणि फवारायचे की नाही हे ठरवायला जातीचे नाव लागत नाही. मावा खाणारी अळी पानावर दिसली, एवढे पुरते.

आता माझी खरी तक्रार. आम्ही नोंदवही सुरू केली, तेव्हा 'पाहणाऱ्याचे नाव' या रकान्यात सगळीकडे पुरुषांची नावे आली. का, तर फोन त्यांचे! वाकून पान उलटणारी बाई कुठेच नाही. सातबाऱ्यावर नाही, नोंदवहीतही नाही. आणि मैत्रिणींनो, ती वही भरणारी मीच होते. कुणी लपवले नव्हते, मला विचारायचे सुचले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही दोन रकाने केले: फोन कुणाचा, आणि पाहिले कुणी. दुसऱ्या रकान्यात पहिले नाव त्या मैत्रिणीचे आहे. आपापल्या गावी वही सुरू कराल, तेव्हा हा दुसरा रकाना आधी आखा. आणि मालक औषध मारायला सांगेल, तेव्हा एकटीने नव्हे, चौघींनी मिळून सांगा, "आधी पान उलटून बघू."